काणकोणच्या मच्छीमार वाड्यावर जायचंय? आधी तिथी बघा, मग रूम बुक करा

दिवाळी जवळ आली की पुण्या-कोल्हापूरकडच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात, की गोव्यात ते खांबांवरच्या झोपड्यांचं मच्छीमारांचं गाव आहे ना, जिथे मासे एकदम ताजे मिळतात, ते कुठलं आणि कसं जायचं. ते म्हणतात ते काणकोण, म्हणजे पाळोळे, राजबाग, तळपण, गालजीबाग हा दक्षिणेकडचा शेवटचा पट्टा. मी फोंड्याची, पण माझी मावशी काणकोणात दिलेली, त्यामुळे लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्या आणि दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

आधी त्या झोपड्यांचं सांगते, कारण तिथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. खांबांवरच्या झोपड्या या मच्छीमारांची घरं नाहीत. मच्छीमारांची घरं मागे माडांच्या बागेत, चिऱ्याच्या जोत्यावर, वर कौलं, अंगणात जाळी वाळत घातलेली आणि तुळस किंवा खुरीस, म्हणजे क्रूस. किनाऱ्यावरच्या झोपड्या पाहुण्यांसाठी, त्यासुद्धा फक्त सीझनपुरत्या. समुद्राच्या भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात पक्कं बांधकाम करता येत नाही, 1991 पासून तो सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांचा नियम आहे, म्हणून पाया न खणता वाळूत खांब रोवायचे, त्यावर फळ्यांची जमीन, बांबूच्या चटयांच्या किंवा प्लायवूडच्या भिंती आणि वर चुडतांचं, म्हणजे माडाच्या झावळ्यांचं छप्पर. पाऊस संपला की उभ्या करायच्या आणि पुढचा पाऊस यायच्या आधी सगळं सोडवून, खांबांना नंबर घालून, मागे बागेत रचून ठेवायचं. उंचावर असल्यामुळे उधाणाचं पाणी आणि सरकती वाळू खालून निघून जाते आणि वारा लागतो तो वेगळाच. म्हणजे जूनमध्ये गेलात तर झोपड्या दिसणारच नाहीत, मोकळी वाळू दिसेल. झोपडीतच राहायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च धरा, आणि नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा शक्यतो सोडा, तेव्हा दर चढतात आणि शांतताही राहत नाही.

रूम घेताना मी तीन गोष्टी बघते. मच्छरदाणी धड आहे का (भोकं हाताने चाचपून बघायची), बाथरूम आत आहे का बाहेर, आणि बाजूला रात्री गाणी लावणारी जागा आहे का. समुद्र समोर दिसतो का याचे जास्त पैसे घेतात, पण दुसऱ्या ओळीतली झोपडी स्वस्त असते आणि दहा पावलं चालली की समुद्र आहेच, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर दुसरीच ओळ घ्या, पायऱ्या कमी असतील ते विचारून.

पोचायचं सोपं आहे. कोकण रेल्वेचं काणकोण स्टेशन आहे, सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तर मडगावला उतरून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या स्टँडवरून काणकोणची बस धरायची. करमल घाटात वळणं बरीच, गाडी लागणाऱ्याने खिडकीजवळ बसावं. बस चावडीला सोडते, चावडी म्हणजे काणकोणचा बाजार, तिथून पाळोळे दोन-तीन किलोमीटर. एकटे असाल तर पायलट करा, पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी, आमच्या गोव्यात त्यालाच पायलट म्हणतात, भाडं बसायच्या आधी ठरवून घ्यायचं. तळपण आणि गालजीबागला जायला मात्र स्कूटर बरी.

आता मुख्य गोष्ट. लोक तिथे हॉटेलच्या वेळेने जातात, म्हणजे दहाला उठायचं, नाश्ता करून अकराला किनाऱ्यावर, आणि मग म्हणतात की मासेमारी कुठे दिसलीच नाही. दिसणार कशी, होड्या केव्हाच वर ओढून झालेल्या असतात, माणसं घरी जाऊन पेज पिऊन झोपलेली असतात. तिथे समुद्राच्या वेळेने जायचं. भरती-ओहोटीचं टेबल आता मोबाईलवर मिळतं, पण मावशीच्या सासऱ्यांनी मला तिथीचा हिशोब शिकवला तो अजून उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आज पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी दहाला पाणी खाली. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांना तेच, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. तासभर मागेपुढे होतं, पण अंदाज बरोबर लागतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि ओहोटीला लांबपर्यंत उतरतं.

याचा उपयोग काय, तर पाळोळ्याच्या उत्तर टोकाला जे छोटं बेट आहे तिथे ओहोटीला चालत जाता येतं. द्वितीया-तृतीयेला सकाळी आठच्या सुमाराला पाणी उतरलेलं असतं, तेव्हा जावं आणि तासाभरात परत यावं, बेटावर फोटो काढत बसू नये कारण पाणी परत भरतं ते पायाखालून भरतं, लक्षात येत नाही. पायात चप्पल हवी, खडकांवरची कालवं तळवा कापतात.

आणि रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत नशीब असेल तर बघायला मिळते. होडी जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांकडे देऊन समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक लांब दुसरीकडे आणते, मग दोन्हीकडून वीस-वीस माणसं दोर ओढतात, तास-दीड तास, आणि ओढता ओढता दोन्ही गट एकमेकांजवळ सरकत येतात. जाळं जवळ आलं की पाण्याचा रंग बदलतो, आधी नुसती थरथर दिसते आणि मग एकदम चांदीसारखे तारले (सार्डिन मासे) उसळतात. तुम्ही दोराला हात लावलात तर कोणी नको म्हणत नाही, उलट शेवटी मूठभर मासे हातावर ठेवतात. मला नववीत असताना सात तारले मिळाले होते, ते फ्रॉकच्या ओच्यात घालून घरी नेले, मावशीने मिठात घोळवून निखाऱ्यावर भाजून दिले, तशी चव नंतर कुठल्याच रेस्टॉरंटात मिळाली नाही. होडी जवळून बघा, जुन्या होडीच्या फळ्यांना खिळे नसतात, काथ्याने शिवलेल्या असतात, बोट फिरवलं की एकेक टाका हाताला लागतो. एका बाजूला लाकडी उलांडी असते, ती होडीचा तोल धरते.

ही रांपण टिकलीय ती सहज टिकलेली नाही. ट्रॉलर आले आणि किनाऱ्याजवळचं मासळ खरवडून नेऊ लागले तेव्हा 1970 च्या दशकात रांपणकारांनी, म्हणजे रांपण ओढणाऱ्यांनी, त्यांचे नेते माथानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने मोठं आंदोलन केलं, त्यानंतर 1980 चा गोवा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. म्हणून तिथे जाऊन जाळं ओढणाऱ्यांना नुसतं बघण्याची वस्तू समजू नका. फोटो काढायच्या आधी विचारा. त्यांना कोळी म्हणू नका, इथे खारवी आहेत, पागी आहेत, ख्रिस्ती मच्छीमार आहेत. वाळत घातलेल्या जाळ्यावरून चप्पल घालून चालू नका, मी एकदा गेले होते तर एका आजोबांनी हात धरून बाजूला केलं आणि म्हणाले, बाये, हें आमचें ताट. त्यानंतर जाळं दिसलं की मी वळसा घालून जाते.

मासे घ्यायचे तर किनाऱ्यावर सकाळी, नाहीतर चावडीच्या बाजारात. गोव्यात छोटे मासे वांट्यावर मिळतात, म्हणजे ढीग लावलेला असतो आणि ढिगाचा भाव, वजन नाही. सुट्टे पैसे जवळ ठेवा. बांगड्याचे कल्ले उघडून बघायचे, लालभडक हवेत, डोळा फुगीर आणि काचेसारखा, पाठ दाबली की बोटाचा खड्डा राहता कामा नये. तिसऱ्या (शिंपल्या) मिटलेल्या हव्यात, उघड्या असतील आणि टिचकी मारूनही मिटत नसतील त्या बाजूला काढायच्या. कुर्ली, म्हणजे खेकडा, हातात घेऊन वजन बघा, अमावास्येला भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ असं बाजारातल्या बायका सांगतात आणि आमच्या घरी तरी सगळे तसंच धरून चालतात. भाव करा पण थोडाच, पहाटे चारला उठलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नये.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, मासे अंड्यावर असतात म्हणून. तेव्हा इसवण (सुरमई)-पापलेट मागू नका, कोणी दिलंच तर ते बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं असणार. त्या दिवसांत खाडीचे मासे खा, शेवटे, चणक, सुंगटं म्हणजे कोळंबी.

जेवायला मेन्यूकार्ड असलेल्या शॅकपेक्षा, म्हणजे किनाऱ्यावरच्या हॉटेलापेक्षा, मागच्या रस्त्यावरची छोटी खानावळ बघा, जिथे दुपारी बस ड्रायव्हर आणि बँकेतले लोक जेवताना दिसतात. थाळीत उकड्या तांदळाचा भात, हुमण म्हणजे नारळाच्या रसातली माशांची आमटी, तळलेला मासा, सुक्या सुंगटांची किस्मूर म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. बांगड्याचं हुमण असेल तर त्यात तिरफळं हवीतच, वास आला नाही तर समजा घाईत केलंय, आणि तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं. सुंगटांच्या हुमणात कैरी किंवा आंबाडे घालतात, तिथे तिरफळ नसतं. मोठा मासा हवा असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, चार माणसं आहोत, चणक मिळाली तर ठेवा, एवढं सांगितलं तरी त्या बाईच सकाळी बघून घेतात. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत मासे शिजत नाहीत, त्या दिवशी डाळ-भाजीवर भागवावं.

गालजीबागला जा, पण तिथे वागणं वेगळं हवं. मोर्जी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग ही गोव्यात कासवं अंडी घालतात ती चार ठिकाणं, 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत त्यांना खास संरक्षण आहे. ऑलिव्ह रिडली कासवं हिवाळ्यात येतात, रात्री. सुरूच्या बनातून चालत जा, वनखात्याने कुंपण घातलेल्या जागांपासून लांब राहा, आणि अंधार पडल्यावर मोबाईलचा टॉर्च लावून फिरू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी रस्त्याला लागतात. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं आणि चूल मांडून स्वयंपाक करणं गोव्यात कायद्यानेच बंद आहे, दंड होतो. लाल बावटा असेल तर पाण्यात जायचं नाही, पोहता येत असलं तरी.

परत येताना सुकं, म्हणजे सुकी मासळी, नेणार असाल तर एप्रिल-मे चांगला, उन्हात कडक वाळलेलं मिळतं, बांगडा, सुंगटं, गालमो (बारीक कोळंबी). हाताने मोडून बघा, वाकला तर ओला आहे, कट्टकन मोडला तर घ्या. आधी वर्तमानपत्रात, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या, मग झाकणाचा डबा, नाहीतर बसमधले लोक पुण्यापर्यंत तुमच्याकडे बघत राहतील. घरी गेल्यावर डबा एकदा उन्हात ठेवा, पावसाळाभर टिकतं.