फीट, मल्टिक्लास वगैरे ऑप्शनल रूल टेबलवर कसे आणायचे

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमची पाचवी एडिशन २०१४ च्या पुस्तकावरून खेळत असाल तर आधी एवढं लक्षात घ्या की त्यात फीट (कॅरेक्टरची खास कौशल्यं) आणि मल्टिक्लास (एकाच कॅरेक्टरने फायटर, विझर्ड असे दोन क्लास म्हणजे पेशे घेणं) दोन्ही ऑप्शनल आहेत, डीएम म्हणजे खेळ चालवणारा हो म्हणाला तरच. हे पान बरेच जण वाचतच नाहीत, नेटवर कुठलातरी भन्नाट बिल्ड बघतात, कॅरेक्टर तयार करून आणतात आणि मग पहिल्याच दिवशी वादावादी. २०२४ च्या पुस्तकात फीट मूळ नियमांतच आलेत, बॅकग्राउंडसोबत पहिल्याच लेव्हलला एक मिळतं. त्यामुळे कोणत्या सालचं पुस्तक ते सगळ्यात आधी ठरवा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

दुसरं म्हणजे सगळं एकदम उघडू नका. मी एकदा डीएम होतो तेव्हा मोठ्या मनाने "सगळं चालेल" म्हणून मोकळा झालो आणि दोन संध्याकाळी नुसती कॅरेक्टर बनवण्यातच गेल्या, वर पाचातल्या दोघांना आपलं कॅरेक्टर नक्की काय करू शकतं हेच सांगता येईना, टर्न आली की कागद चाळत बसायचे.

तर सुरुवात फीटपासून करा, कारण तिथे निवड एकच असते. चौथ्या, आठव्या, बाराव्या, सोळाव्या आणि एकोणिसाव्या लेव्हलला अॅबिलिटी स्कोअर (ताकद, चपळाई वगैरेंचे आकडे) वाढवायचा चान्स मिळतो (फायटर आणि रोगला जास्तीचे), तो सोडून त्याऐवजी फीट घ्यायचं. चौथ्या लेव्हलपर्यंत खेळाडूला आपलं कॅरेक्टर कसं वागतं हे कळलेलं असतं, त्यामुळे निवडही जरा विचाराने होते.

आता फीट निवडताना नाव बघून भुलू नका, बसून हिशोब करा. २०१४ मधलं ग्रेट वेपन मास्टर घ्या, जड शस्त्राने मारताना हिटमधून (वीस बाजूंच्या फाशाच्या आकड्यात मिळवायचा बोनस) ५ वजा करायचे आणि लागलं तर डॅमेज १० ने जास्त. ऐकायला जबरदस्त! पण पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या, स्ट्रेंग्थ १६, हातात ग्रेटसोर्ड. हिट +६, सरासरी डॅमेज १०. समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १२ असेल तर साधा वार ७५ टक्के वेळा लागतो, म्हणजे दर वारामागे साडेसात, आणि फीट वापरून ५० टक्के वेळा २०, म्हणजे १०. मस्त. आर्मर क्लास १६ असेल तर साडेपाच आणि सहा, म्हणजे जवळपास सारखंच. १८ झाला की साडेचार विरुद्ध चार, उलटा तोटा (क्रिटिकल, म्हणजे फाशावर २० पडल्यावरचं जास्तीचं डॅमेज, मी धरलेलं नाही, फार फरक पडत नाही). म्हणजे हे फीट चिलखतवाल्यांवर नाही तर उघड्या अंगाच्या राक्षसांवर चालवायचं. २०२४ मध्ये हा वजा-अधिकचा खेळच काढून टाकलाय.

मल्टिक्लास मात्र नंतर, आणि विचारपूर्वक. अट अशी की जुन्या आणि नव्या दोन्ही क्लासला लागणारा स्कोअर किमान १३ हवा, लोक नव्याचा बघतात आणि जुन्याचा विसरतात. खरा खड्डा पाचव्या लेव्हलला आहे. चार लेव्हल फायटर आणि पाचवी विझर्ड घेतली की बाकीचे दोनदा वार करतायत आणि तुम्ही अजून एकदाच! पाचवी फायटरची घेऊन मग वळलात तर काही बिघडत नाही. जादूवाल्यांचं अजून गमतीशीर आहे, तीन लेव्हल क्लेरिक आणि दोन विझर्ड केलं तर तिसऱ्या लेव्हलचे स्पेल स्लॉट (जादू वापरायच्या मोजक्या संधी) मिळतात पण त्या लेव्हलचा एकही स्पेल तयार करता येत नाही, खालचेच स्पेल वरच्या स्लॉटमधून फेकायचे. तिसऱ्या लेव्हलच्या फायरबॉल स्पेलची स्वप्नं बघणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा नाहीतर चेहरा पडतो.

२०२० मध्ये आलेला, रेसमुळे (एल्फ, ड्वार्फ असा वंश) मिळणारे अॅबिलिटीचे पॉइंट हवे तिथे लावायचा रूल मी डोळे झाकून देतो, त्याने काही बिघडल्याचं मला तरी दिसलेलं नाही. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या गेमची दुसरी एडिशन खेळत असाल तर फ्री आर्किटाइप हा ऑप्शनल रूल बघा, दर सम लेव्हलला एक जास्तीचं फीट मिळतं पण ते फक्त आर्किटाइपवरच (क्लासच्या जोडीला घ्यायची वेगळी वाट) खर्च करायचं. ताकद थोडी वाढते, पण कॅरेक्टरला रंग जास्त येतो. नवखे असतील तर नको, फीटच्या ढिगात हरवतात.

गर्प्ससारख्या, पॉइंट खर्चून कॅरेक्टर बनवायच्या सिस्टममध्ये उणिवा घेऊन पॉइंट मिळवता येतात, तिथे डीएमने जरा कडक राहायचं. अख्खी कॅम्पेन वाळवंटात आणि पठ्ठ्याने पाण्याची भीती घेतलीय, म्हणजे फुकटचे पॉइंट. मी सरळ विचारतो, पुढच्या तीन सेशनमध्ये हे तुला कुठे नडणार सांग. उत्तर नसेल तर पॉइंट नाहीत.

आणि चुकलं तर बदलू द्या. पाथफाइंडरच्या दुसऱ्या एडिशनमध्ये त्यासाठी रीट्रेनिंग आहेच, फीट बदलायला साधारण खेळातला एक आठवडा लागतो. आम्ही तेच डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येही वापरतो, लेव्हल चढताना एक फीट बदलायची मुभा, फक्त चालू लढाईच्या मधोमध नाही, कारण तशी मागणीही करून बघितलीय एकाने.