कराटेतले जपानी शब्द: पाठ करू नका, फोडून शिका

'च्यूदान माए गेरी' हे एक लांबलचक नाव नाही. ते तीन शब्द आहेत: मधली उंची, पुढे, लाथ. बेल्टच्या परीक्षेआधी चाळीस-पन्नास नावं घोकण्यापेक्षा वीस-पंचवीस तुकडे शिकलात तर बाकीची नावं आपोआप उलगडतात. जपानीत वर्णन आधी येतं आणि मूळ वस्तू शेवटी, आपल्या मराठीसारखंच. म्हणून नाव ऐकलं की शेवटचा शब्द आधी पकडा.

शेवटी येणारे शब्द मोजकेच आहेत. त्सुकी म्हणजे ठोसा, केरी म्हणजे लाथ, उची म्हणजे फटका, ताची म्हणजे उभं राहण्याची ठेवण. जोडून येताना 'उची' सोडून बाकीच्यांचं पहिलं अक्षर मऊ होतं, आपल्या संधीत 'वाक्'चा 'वाग्' होतो तसं: ओइ-झुकी, माए-गेरी, किबा-दाची. झुकी आणि त्सुकी हे दोन वेगळे प्रकार आहेत असं समजून वहीत दोनदा लिहिणारे खूप भेटतात.

'उके'चा अर्थ सगळीकडे 'ब्लॉक' असा सांगितला जातो आणि तिथेच हात चुकतो. मूळ क्रियापद 'उकेरु', म्हणजे स्वीकारणं. मराठीत 'झेलणं' जास्त जवळचं. ब्लॉक म्हटलं की विद्यार्थी हात भिंतीसारखा आडवा धरून थांबतो. खालच्या बचावाच्या 'गेदान बाराई'तलं बाराई हे मूळ 'हाराई', म्हणजे झाडणं. मूठ विरुद्ध बाजूच्या कानाजवळून सुटते आणि खाली झाडत पुढच्या गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर थांबते. कानाजवळ न नेता पोटापासूनच हात खाली ढकलला तर झाडणं होतच नाही, नुसता दांडा खाली येतो.

आता पुढचे तुकडे. उंची तीन: गेदान कमरेखाली, च्यूदान छाती-पोट, ज्योदान मान-चेहरा. दिशा: माए पुढे, योको बाजूला, उशिरो मागे, मिगी उजवा, हिदारी डावा. पद्धत: ओइ म्हणजे पाठलाग करत, म्हणून ज्या पायाने पुढे जाल त्याच बाजूचा हात. ग्याकू म्हणजे उलट, म्हणून पुढच्या पायाच्या विरुद्ध हात. आगे म्हणजे वर उचलणं, मावाशी म्हणजे फिरवून. योको गेरीचे दोन प्रकारही असेच सुटतात: केआगे वर उडवलेली, केकोमी आत घुसवलेली.

घोळ होतो तो सोतो आणि उची या जोडीत. सोतो बाहेर, उची आत. (फटक्याचा 'उची' वेगळा, लिपीत चिन्हही वेगळं.) शोतोकान या शैलीत सोतो-उके म्हणजे हात बाहेरून आत येतो. काही शैलींत नेमकं उलटं, कारण तिथे नाव हात कुठून निघतो यावरून नाही, कुठे जातो यावरून पडलं आहे. दोजो (सरावाची जागा) बदललात तर ही जोडी पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. 'त्सु' म्हणजे आपला 'चूल'मधला च. पण 'च्यूदान'चा च 'चहा'तला, आणि 'दोजो'चा ज 'जेवण'मधला, 'जोर'मधला नव्हे. इंग्रजी स्पेलिंग वाचून 'आगे'चं 'एज' आणि 'कुमिते'चं (म्हणजे जोडीदारासोबतच्या लढतीचं) 'कुमाइट' होतं, ते टाळा. खरं तर 'कराटे'तला टही इंग्रजीतूनच आला. जपानीत 'ते' म्हणजे हात, 'कारा' म्हणजे रिकामा. पूर्वी 'कारा'साठी चीनच्या तांग घराण्याचं चिन्ह वापरत. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या गुरूंनी 1936 मध्ये नाहा शहरातल्या बैठकीत 'रिकामा'चं चिन्ह स्वीकारलं.

आकडे इच्, नि, सान्, शि, गो, रोक्, शिच्, हाच्, क्यु, ज्यु असे ऐकू येतात. शेवटचे इ-उ लिहिले जातात, पण मोजणीत जवळजवळ गिळले जातात. गोंगाटात शि आणि शिच् गल्लत करतात, तेव्हा आकड्यावर नाही, क्रमावर लक्ष ठेवा. नावांत चारचा 'शि' सहसा येत नाही, कारण 'शि' म्हणजे मृत्यूही. म्हणून हेइआन मालिकेतल्या चौथ्या काताचं (ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचं) नाव हेइआन योन्दान; 'योन' हा चारचाच दुसरा शब्द. पहिल्याला 'इचिदान' नाही, 'शोदान', म्हणजे आरंभाची पायरी. ब्लॅक बेल्टची पहिली पायरीही शोदानच. आणखी एक खोच: शोतोकानचे संस्थापक फुनाकोशींनी पहिल्या दोन कातांचा क्रम बदलला, त्यामुळे शोतोकानचं हेइआन शोदान हे शितो-र्यू या दुसऱ्या शैलीत पिनान निदान (पिनान हे हेइआनचंच जुनं नाव, निदान म्हणजे दुसरं) असतं.

आज्ञांपैकी 'योइ' म्हणजे तयार, 'हाजिमे' सुरू, 'यामे' थांबा, 'नाओरे' पूर्वस्थितीत या. तंत्राचं नाव ऐकताच हलायचं नाही, आकडा किंवा हाजिमे येईपर्यंत थांबायचं. 'मावात्ते' म्हणजे वळा. झेनकुत्सु-दाचीत (पुढचा गुडघा वाकवलेल्या लांब ठेवणीत) वळताना आधी मागचा पाय आडवा पलीकडे सरकवा, तोही दोन खांद्यांइतका. तो एकाच खांद्याइतका सरकला तर वळल्यावर दोन्ही पाय एका रेषेत येतात आणि धक्का लागताच तोल जातो. मावात्तेनंतर लडखडणाऱ्या दहांपैकी बहुतेकांची चूक हीच असते, बळ कमी पडलेलं नसतं.

'सेन्सेई' म्हणजे शब्दशः आधी जन्मलेला. तो मान दुसऱ्याला द्यायचा असतो, स्वतःच्या नावापुढे लावायचा नाही. 'सेन्सेई सर' म्हणणं म्हणजे 'गुरुजी सर'.

स्पर्धेत जुनी पुस्तकं घेऊन गेलात तर फसाल. जागतिक कराटे महासंघाच्या जुन्या नियमांत इप्पोन म्हणजे एक गुण होता. आता युको 1, वाझा-आरी 2 आणि इप्पोन 3: ठोशाला युको, च्यूदान लाथेला वाझा-आरी, ज्योदान लाथेला इप्पोन.