माळव्याचं पर्यटन एका नावाखाली कसं आणावं

इंदूर, उज्जैन, देवास, धार-मांडू आणि महेश्वर एकत्र विकायचे तर आधी नाव आणि चिन्ह नको, वेळापत्रक हवं. सगळं फिसकटतं ते तिथेच. इंदूरच्या सराफ्यातली खाऊगल्ली सराफांची दुकानं बंद झाल्यावर रंगते आणि मध्यरात्रीनंतरही चालते. महाकालाची भस्मारती पहाटे 4 वाजता, तीही बसून पाहायची तर आगाऊ नोंदणीने. दोन्ही एकाच रात्री कोंबल्या की पाहुणा आरतीत पेंगतो. पहिली रात्र इंदूरला, दुसरी उज्जैनला. अंतर जेमतेम 55 किलोमीटर.

मग सूत्र ठरवा. होळकर, पवार, शिंदे हा धागा आयता आहे: इंदूरचा राजवाडा, देवासच्या पवारांच्या थोरल्या-धाकट्या पात्या (राजघराण्याच्या दोन शाखा), राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी उभारलेलं महाकाल मंदिर. मांडू मात्र सुलतानांचं. त्याला ओढूनताणून मराठी करू नका, पावसाळ्याची वेगळी सहल ठेवा.

नाव सगळ्या व्यावसायिकांनी मिळून काढलेल्या संस्थेच्या मालकीचं हवं, एका हॉटेलवाल्याच्या नव्हे. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली सामूहिक व्यापारचिन्हाचा, म्हणजे संस्थेच्या सगळ्या सभासदांनी वापरायच्या चिन्हाचा, अर्ज करा: प्रवासासाठी वर्ग 39, निवासासाठी 43. सोबत वापराची नियमावली जोडावीच लागते. त्यात चिन्ह कोणी वापरायचं, आणि दर फुगवले किंवा यंत्रमागाचं कापड हातमागाची महेश्वरी साडी म्हणून खपवलं तर ते कधी काढून घ्यायचं, हे स्पष्ट लिहा. वर्गणी खोल्यांच्या संख्येवर ठेवा. सरसकट ठेवली तर महेश्वरचे छोटे घरगुती निवासवाले पहिल्याच वर्षी गळतात.