सल्जुक काळातला आरसा बघताना या चुका टाळा

सल्जुक या तुर्की राजघराण्याच्या काळात, १२व्या-१३व्या शतकात, इराण आणि अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात) ओतलेले ब्राँझचे आरसे संग्रहालयात बघताना हमखास कुणीतरी विचारतं, "यात तोंड कसं दिसायचं?" दिसायचं नाहीच. नक्षी आहे ती आरशाची पाठ. घासून चकचकीत केलेली सपाट बाजू खाली दडलेली असते, म्हणून लोक त्याला डब्याचं झाकण समजतात. मधोमध उंचवटा आणि त्याला आडवं भोक दिसतंय का बघा. त्यात दोरी ओवून आरसा धरत. ही रीत चिनी आरशांवरून आली. अर्थात भोक नाही म्हणजे आरसाच नाही, असंही नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या आरशाला मूठ आहे, आणि तो पोलादाचा आहे, वर सोन्याचं जडावकाम.

सरसकट 'पितळी' म्हणू नका. पितळेत जस्त असतं. ब्राँझमध्ये तांब्यात कथील. कथील वाढलं की धातू रुपेरी होतो, पण ठिसूळही. आपलं कासं याच जातीचं. असा आरसा पडला तर वाकण्याऐवजी तडकतो, तेव्हा तडा दिसला म्हणून माल खोटा ठरवू नका.

नेहमी दिसणाऱ्या नमुन्यात पाठीला पाठ लावून दोन पंखवाले प्राणी असतात. त्यांना सिंह म्हणून मोकळे होऊ नका, चेहरे माणसांचे आहेत. 'इस्लामी कलेत आकृत्या नसतातच' हा समज इथेच गळून पडतो. कडेची कूफी अक्षरं (अरबी लिपीची कोनदार शैली) बघून कुराणातली आयत शोधू नका. तिथे बहुधा मालकासाठी शुभेच्छा असतात: इज्ज म्हणजे मान, बका म्हणजे दीर्घायुष्य, आणि शेवटी 'लि-साहिबिही', म्हणजे 'याच्या धन्याला'. धन्याचं नाव मात्र नाही. बाजारासाठीच केलेला माल तो, ज्यानं घेतला त्याला शुभेच्छा!

सगळ्यात जास्त फसवतात ती पुसट अक्षरं. 'वापरून झिजलाय, म्हणजे जुना' असं लगेच ठरवू नका. हाताळून झीज होते ती उंच भागांची: नाक, पंखांच्या कडा. खोलगट भाग तीक्ष्णच राहतो. खोलगट भागही गुळगुळीत, भरल्यासारखा दिसला, तर तयार आरशाचा साचा घेऊन ओतलेली प्रत असण्याची शक्यता जास्त. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे अशी प्रत मुळापेक्षा जराशी लहान भरते. मात्र ती प्रत त्याच काळातली असेल किंवा फार नंतरचीही, हे नुसत्या पुसटपणावरून सांगता येत नाही.

घरात असा एखादा तुकडा असेल तर चिंच-मीठ लावून अजिबात घासू नका. मिठातलं क्लोराइड ब्राँझला आतून खातं. फिकट हिरवी भुकटी दिसली तर वस्तू कोरडी ठेवा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा. सपाट बाजूवरचे बारीक ओरखडेही भिंगाखाली नीट बघा. काही आरशांवर नंतर कुणीतरी तिथे यंत्रं आणि मंत्राची अक्षरं कोरलेली आहेत.