मराठी ॲपमधले आकडे आणि अनेकवचन : या चुका टाळा

लासलगाव, पिंपळगावच्या कांदा उत्पादकांसाठी ॲप करताय? मग पडद्यावर ‘५ गोणी विकली गेली’ असं दिसता कामा नये. दोष बहुतेक वेळा भाषांतरकाराचा नसतोच. त्याला नुसता ‘गोणी’ हा शब्द दिलेला असतो आणि आकडा कोडमध्ये मागाहून चिकटवला जातो. मराठीत आकड्याबरोबर नाम बदलतं, क्रियापद बदलतं (विकली गेली, विकल्या गेल्या), प्रत्यय लागला की सामान्यरूपही बदलतं : १ गोणीचे पैसे, ५ गोण्यांचे पैसे. म्हणून अख्खं वाक्य ‘वन’ (एकासाठी) आणि ‘अदर’ (बाकी आकड्यांसाठी) अशा दोन्ही रूपांत लिहा. चाचणीला ‘ट्रक’ किंवा ‘क्विंटल’ घेऊ नका. ही नामं अनेकवचनात तशीच राहतात, त्यामुळे सगळं ठीक असल्याचा भास होतो.

अँड्रॉइडवर काही जण शून्यासाठी ‘झिरो’ या रूपाचीही ओळ भरतात. मराठीत ती कधीच निवडली जात नाही. सध्याच्या नियमांनुसार शून्य ‘अदर’मध्येच जातं. (सीएलडीआर, म्हणजे युनिकोडच्या भाषानियमांच्या संग्रहानुसार हिंदीत शून्य ‘वन’मध्ये मोडतं, तेव्हा हिंदीची फाइल उचलून आणू नका.) ‘अजून एकही गोणी आलेली नाही’ असं हवं असेल तर शून्य कोडमध्ये आधीच वेगळं तपासा.

खरा ताप देतात ते अंक. इंग्रजीत ठेवलेल्या फोनवर ॲप सुरळीत चालतं, मराठी फोनवर मात्र सर्व्हर भाव नाकारतो. असं झालं की आधी लॉग (ॲपच्या नोंदी) उघडून सर्व्हरला गेलेल्या विनंतीत भाव ‘२०५०’ असा देवनागरीत गेलाय का ते बघा. मराठी लोकेलचे (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचे) मूळ अंक देवनागरी आहेत, त्यामुळे आकडा मजकुरात बसवणाऱ्या ‘स्ट्रिंग फॉरमॅट’ला लोकेल सांगितलं नाही तर तेच अंक एपीआयच्या (सर्व्हरशी बोलण्याच्या दुव्याच्या) पत्त्यात आणि डेटाबेसच्या क्वेरीत शिरतात. यंत्राला जाणाऱ्या मजकुराला ‘लोकेल रूट’ (कुठल्याही भाषेशी न बांधलेलं लोकेल) द्या; माणसाला दिसणाऱ्याला मराठी. उलट बाजूही तपासा : वापरकर्त्याने देवनागरीत भाव टाइप केला तर कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं ‘टू-इंट’ (पूर्णांकासाठीचं) तो वाचतं, ‘टू-डबल’ (दशांशासाठीचं) मात्र अडखळतं. दशांश भावाच्या रकान्यात आधी अंक बदलून घ्या.

स्वल्पविराम हाताने टाकू नका. १५०,००० बघून आपल्याकडे कोणालाही थबकायला होतं. नंबर फॉरमॅटरला मराठी लोकेल दिलं की १,५०,००० मिळतं. चाचणीत ०, १, २, १.५ आणि १,५०,००० एवढे आकडे तरी घालाच.