लगूनसाठी खासगी बोट करताय? या चुका टाळा

थायलंडमधल्या क्राबीजवळच्या होंग बेटावर लगूनच्या, म्हणजे कड्यांनी वेढलेल्या समुद्राच्या पाण्याच्या, तोंडाशी आमची होडी पोचली तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. बोटवाल्याने इंजिन बंद केलं, लांब बांबू पाण्यात उभा केला आणि आमच्याकडे बघून मान हलवली. बांबू जेमतेम गुडघाभर भिजला होता. समोर दोन कड्यांच्या फटीतून आतलं हिरवं पाणी दिसत होतं आणि त्याच्या अलीकडे उघडी पडलेली वाळू. आदल्या दिवशी पौर्णिमा होती. मालवणात वाढलेली माझी आई एवढंच म्हणाली, "आज सुकती मोठी असतली, ह्यां कोणीच बघूक नाय?"

सुकती म्हणजे ओहोटी. खरंच कोणी बघितलं नव्हतं. आम्ही हॉटेल बघितलं, बोटीचे दर चार ठिकाणी विचारले, पाण्याखाली बघायचे मास्क विकत घेतले. बेटावर पाणी किती वाजता किती असेल, हे मात्र विचारलं नाही. त्यानंतर दोनदा तिकडे जाणं झालं. क्राबी, फुकेत आणि फी फीच्या समुद्रात आपली माणसं आता खूप जातात. सगळ्यांच्या बोलण्यात ज्या चुका पुन्हा पुन्हा येतात, त्या इथे लिहितेय.

बोट स्वतःची, वेळ मात्र सगळ्यांची

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. खासगी बोटीला आपण जास्त पैसे मोजतो ते कशासाठी? गादी मऊ असते म्हणून नव्हे. कधी निघायचं आणि कुठे किती थांबायचं हे आपल्या हातात येतं म्हणून. तरीही बहुतेक कुटुंबं नाश्ता उरकून नऊ-साडेनऊला निघतात, म्हणजे फुकेतहून आणि क्राबीहून ग्रुप टूरच्या स्पीडबोटी येतात नेमक्या त्याच वेळी. मग फी फीच्या पिले लगूनमध्ये शेजारी वीस बोटी, डिझेलचा वास आणि पाण्यात उतरायला जागा शोधावी लागते.

फी फी बघायचं असेल तर एक रात्र फी फी डॉनवर, म्हणजे मोठ्या बेटावर राहा. तिथून लाँगटेल, म्हणजे मागे लांब दांड्यावर पंखा असलेली होडी करून सकाळी साडेसहा-सातला निघा. पिले लगून शेजारच्या फी फी ले या छोट्या, निर्मनुष्य बेटावर आहे, अंतर अर्ध्या तासाच्या आतलं. त्या वेळी आत गेलात तर कड्यांवरून पक्ष्यांचे आवाज ऐकू येतात. नऊनंतर तेच ठिकाण ओळखू येत नाही.

क्राबीच्या आओ नांग या किनाऱ्याहून लाँगटेल करून थेट फी फीला जायचा बेत मात्र करू नका. मध्ये मोकळा समुद्र आहे, तेवढ्यासाठी स्पीडबोट किंवा फेरी. लाँगटेल जवळच्या बेटांची होडी आहे. आओ नांगहून होंगला ती छान पोचवते.

भरती-ओहोटी न बघणं

हे लगून म्हणजे लक्षद्वीपसारखे प्रवाळाच्या कड्यामागचे उथळ तलाव नव्हेत. चुनखडीच्या डोंगरात पोकळी झाली, कालांतराने वरचं छत कोसळलं, समुद्राचं पाणी आत आलं आणि चहूबाजूंनी कडे राहिले. थाई भाषेत 'होंग' म्हणजे खोली, आणि ते आत गेल्यावर लगेच पटतं. पण खोलीला दार एकच, तेही अरुंद आणि उथळ. भरतीला होडी सहज आत जाते, ओहोटीला दारातच अडते.

अंदमान समुद्रात आपल्यासारख्याच दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा दोन्हींत दोन मीटरहून जास्त फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. त्यामुळे तिकीट काढताना कालनिर्णय उघडा. उधाणाच्या दिवसांत तिकडे भरती साधारण सकाळी दहा-अकराच्या सुमारास येते आणि दुपारी उशिरा पाणी पार ओसरतं, म्हणून त्या दिवसांत लगून सकाळीच करायचं. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा आपला कोकणातला हिशोब तिकडे जसाच्या तसा लावू नका, आपल्या किनाऱ्याचा तो अंदाज आहे. क्राबी किंवा फी फीचा त्या दिवसाचा तक्ता इंटरनेटवर मिळतो. तो बोटवाल्याला दाखवा आणि विचारा, "लगून आधी की शेवटी?" चांगला बोटवाला या प्रश्नावर खूश होतो, कारण असं विचारणारे त्याला फार कमी भेटतात.

चूक झालीच आणि ओहोटीला पोचलात तर बोटवाल्याला आत घुसायचा आग्रह करू नका. पंखा तळाला लागतो, प्रवाळ मोडतात, होडी अडकते. तक्ता बघा, उजेड असेपर्यंत पाणी चढणार असेल तर बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या पुळणीवर थांबा, जेवून घ्या, पाणी पुरेसं चढलं की परत या. आम्ही तक्ताही बघितला नाही, वैतागून निघून आलो. आजही हळहळ वाटते.

आणखी एक. होंग नावाची बेटं दोन आहेत. एक क्राबीचं, ज्याच्याबद्दल मी लिहितेय. दुसरं फांग न्गा उपसागरात, जिथे कयाकमधून गुहांत फिरवतात. बोट ठरवताना फोटो दाखवून खात्री करा.

मे महिन्याची सुट्टी

मुलांच्या शाळेमुळे आपण मे महिन्यात जातो. नेमका तेव्हाच फुकेत-क्राबीच्या बाजूला नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत समुद्राचा भरवसा नसतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा या बाजूचा खरा हंगाम. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात आली तर उत्तम, नाहीतर नाताळ. मेमध्येच जायचं असेल तर थायलंडच्या आखाताकडची कोह समुईची बाजू बघा, तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतो.

बोटवाला "आज नको" म्हणाला तर दुसरा बोटवाला शोधू नका. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ 'फिनिक्स' ही पर्यटकांची बोट वादळात उलटली आणि ४७ चिनी पर्यटक बुडाले. खराब हवामानाचा इशारा आधीच दिलेला होता. बेत आखताना एक दिवस मोकळा ठेवा, म्हणजे नकार ऐकणं सोपं जातं.

काय ठरलंय, हे न विचारणं

भाव माणशी नसतो, पूर्ण बोटीचा असतो. तो किती तासांचा, मास्क आणि नळी त्यात आहे का, मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, आणि राष्ट्रीय उद्यानाची फी धरली आहे का, हे निघायच्या आधी विचारा. फी बहुतेक वेळा वेगळी असते आणि रोख बाहतमध्ये द्यावी लागते. परदेशी प्रौढाला फी फीच्या उद्यानासाठी ४०० बाहत पडतात. होंग दुसऱ्या उद्यानात येतं, त्याचं तिकीट वेगळं. सहा जणांचं कुटुंब असेल तर ही रक्कम लहान नाही. कार्ड चालेल या भरवशावर जाऊ नका.

फी फी लेवरच्या माया बे या खाडीबद्दल हमखास गैरसमज असतो. पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळ उद्ध्वस्त झाल्यामुळे ती खाडी जून २०१८ मध्ये बंद केली आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडली. आता बोटी पुढून येत नाहीत, मागच्या लो समा खाडीत उतरून चालत पलीकडे जायचं. पोहायला बंदी आहे, फक्त पाय भिजवता येतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवर्षी प्रवेशच बंद असतो. "पोहायला माया बे" असं मुलांना सांगून नेलंत तर किनाऱ्यावर रडारड होते. नीट सांगून नेलंत तर उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क फिरताना दिसू शकतात. बंदीच्या काळात ते परत आले, आणि हे दृश्य कोणत्याही पोहण्यापेक्षा मोठं आहे असं मला मनापासून वाटतं.

लगूनमध्ये मासे शोधणं

"एवढे पैसे भरले आणि खाली काहीच दिसलं नाही" ही तक्रार मी कितीदा ऐकली असेल! पिले लगूनचा तळ बराचसा वाळूचा आहे, पाणी दुधाळ हिरवं. ते तरंगायला, पोहायला, कड्यांकडे बघत पडून राहायला. मासे आणि प्रवाळ बघायचे तर लगूनच्या बाहेर यायचं: बांबू बेटाच्या कडेला, लो समाजवळ, किंवा बोटवाला दाखवेल त्या खडकांपाशी. म्हणून दोन्हींना वेगवेगळा वेळ द्या. तीन तासांत पाच ठिकाणं उरकण्यापेक्षा दोनच करा.

आता मास्कबद्दल, कारण अर्ध्या लोकांचं स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावरून खाली बघणं, इथेच फसतं. मास्क घेताना पट्टा न लावता तो नुसता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकासा श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. पडला तर दुसरा घ्या, पट्टा कितीही आवळून उपयोग नाही. उलट पट्टा जास्त आवळला की रबर वाकतं आणि तिथूनच पाणी शिरतं. पाणी येत असेल तर आधी कपाळावरून बोट फिरवा, नव्वद टक्के वेळा रबराखाली केसांची बट सापडते. मिशीवाल्यांना वरच्या ओठापाशी थोडं व्हॅसलीन लावून फरक पडतो. काच धुरकट होत असेल तर आतून थुंकी चोळा आणि समुद्राच्या पाण्यात एकदा बुचकळून काढा. किळस वाटते, पण याहून सोपा उपाय मला अजून सापडलेला नाही. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो घरीच टूथपेस्टने दोन-तीनदा घासून घालवावा लागतो.

नळीतून श्वास घ्यायचा सराव होडीवरून उडी मारल्यावर करायचा नसतो. पुळणीवर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहा, तोंड बुडवा, सावकाश दहा श्वास घ्या. नळीत पाणी गेलं तर घाबरून मान वर काढायची नाही, जोरात एक फुंकर मारायची. माझ्या मावशीला हे जमायला पंधरा मिनिटं लागली. नंतर तिला पाण्यातून बाहेर काढायला आम्हाला तासभर लागला.

पोहता येत नसेल तर लाज न बाळगता लाइफ जॅकेट घाला. ते सैल असेल तर पाण्यात उतरल्यावर कानांपर्यंत चढतं आणि माणूस आणखी घाबरतो. म्हणून सगळे पट्टे बांधून, कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर आणखी घट्ट करा किंवा लहान माप मागा. पोहता येणाऱ्यांनीही जोडीनेच राहावं. हृदयविकार किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि दारू प्यायली असेल तर पाण्यात उतरू नका.

इंजिन बंद झाल्याशिवाय उतरायचंही नाही आणि शिडीकडे यायचंही नाही. लाँगटेलचा पंखा लांब दांड्याच्या टोकाला उघडाच असतो, होडीपासून बराच मागे. तो कुठवर पोचतो हे पाण्यातल्या माणसाला कळत नाही.

थकलात म्हणून प्रवाळावर उभे राहू नका. ते जिवंत आहेत, बोटभर वाढायला वर्षं जातात, आणि त्यांच्यामध्ये लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन बसलेले असतात. ते काटे पायात मोडून राहतात. जेलीफिश डसला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, व्हिनेगर ओता आणि लगेच किनारा गाठा. तिकडच्या अनेक किनाऱ्यांवर त्यासाठी व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात.

ऊन, पोट आणि माकडं

पाण्यात गार वाटतं, तेवढ्या वेळात पाठ आणि गुडघ्यांची मागची बाजू भाजून निघते. पूर्ण बाह्यांचे लायक्राचे कपडे सगळ्यांत चांगले. सुती टी-शर्ट आणि जीन्स ओले झाले की जड होतात. सनस्क्रीन नेत असाल तर लेबल घरीच वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर आणि ब्युटिलपॅराबेन असलेली सनस्क्रीन थायलंडने ऑगस्ट २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानांत बंद केली. दंड एक लाख बाहतपर्यंत होऊ शकतो. झिंक ऑक्साइडची चालतात.

बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. उपाशीपोटी जाऊ नका आणि तळलेलंही खाऊन जाऊ नका. मळमळायला लागलं तर दूरच्या क्षितिजाकडे बघा, मोबाइलमध्ये नाही.

सोबत नेलेलं भडंग-ठेपले माशांना घालू नका, पाव तर नाहीच. उद्यानात ते मना आहे. फी फीच्या माकडांच्या पुळणीवर तर खाण्याची पिशवी बोटीतच ठेवा. माकड चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा.

नाळेवर बसून फोटो

लाँगटेलच्या नाळेला, म्हणजे पुढच्या उंच टोकाला, रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या दिसतील. होडीचं रक्षण करणाऱ्या देवीचं, माए या नांगचं, ते स्थान. तिथे पाय ठेवू नका, त्यावर चढून फोटो काढू नका, ओले टॉवेल वाळत घालू नका. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी बांधव होडीची पूजा करतात, त्यांच्या होडीच्या नाळेवर चप्पल घालून आपण चढू का?

दुसऱ्या वेळी आम्ही अष्टमीला गेलो होतो, सकाळी सातला. होडीत बसण्याआधी आईने त्या माळांना हात लावून नमस्कार केला. बोटवाल्याने ते बघितलं. लगूनच्या दारात त्याने पुन्हा बांबू उभा केला, या वेळी तो छातीएवढा भिजला, आणि इंजिन बंद ठेवून त्याने होडी हळूहळू आत लोटली.