कॉलेजसाठी लॅपटॉप घेताना: बागेत न शिरलेल्या ट्रॅक्टरची गोष्ट

माझ्या लॅपटॉपचं वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. चार्जरची वीट वेगळी, ती अर्ध्या किलोच्या आसपास. हे आकडे पाठ असायचं कारण म्हणजे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नाशिकच्या निमाणीहून सिटीलिंक बसमध्ये उभ्याने जाताना माझ्या सॅकचा एक बंद तुटला. त्याच संध्याकाळी खोलीखालच्या किराणा दुकानात मी दोन्ही वस्तू काट्यावर ठेवून बघितल्या. दुकानातल्या काकांनी सवयीने विचारलं, "अजून काय देऊ?"

मी पिंपळगाव बसवंतकडच्या एका खेड्यातली. बारावी झाली, सीईटीचे पर्सेंटाइल आले आणि घरात ठरून गेलं की पोरगी कॉम्प्युटरलाच जाणार. मग आधी लॅपटॉप. पुण्यात नोकरी करणाऱ्या चुलतभावाने फोनवर एवढंच सांगितलं, "ग्राफिक्स कार्डवाला घे, चार वर्षं बघायला नको." नाना आणि मी एस.टी.ने नाशिकच्या सीबीएस स्टँडला उतरलो, एम. जी. रोड आणि शरणपूर रोडची चार दुकानं पालथी घातली आणि ६२ हजारांचा गेमिंग लॅपटॉप घेऊन परत आलो. कॅप राउंडची, म्हणजे प्रवेशफेरीची, यादी तेव्हा लागायचीच होती. लागली तेव्हा हातात पडलं इ अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन.

बंद तुटल्याचं सांगितल्यावर नाना थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपण बागेत न शिरणारा ट्रॅक्टर घेतला, पोरी." आमच्याकडे हे लहान पोरालाही कळतं. द्राक्षाच्या मांडवाखाली, दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर फिरत नाही, म्हणून बागाईतदार छोटा घेतो. दुकानात ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा ते विचारायच्या आधी आपली ओळ किती रुंद आहे ते बघायचं. लॅपटॉपच्या बाबतीत आम्ही ओळ मोजलीच नव्हती.

तर पहिली गोष्ट, ब्रँच नक्की होईपर्यंत थांबा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जे थोडं प्रोग्रॅमिंग असतं ते कॉलेजच्या लॅबमध्येही होतं, पहिले दोन-तीन आठवडे लॅपटॉपवाचून काही अडत नाही. तेवढ्या दिवसांत सीनियर्सना विचारा की तुमच्या ब्रँचला पुढे कोणती सॉफ्टवेअर्स लागतात. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स, सिव्हिल आणि आर्किटेक्चरला रेव्हिट, ही दोन्ही विंडोजचीच. मॅकबुकवर ती थेट चालत नाहीत, हे मॅक घ्यायला निघालेल्यांनी आधीच लक्षात घ्यावं. मला इ अँड टीसीत लागलं ते पायथन, मॅटलॅब आणि आर्डुइनोचा छोटा सर्किट बोर्ड जोडायला साधं, जुन्या पद्धतीचं यूएसबी पोर्ट. यातल्या एकालाही गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड नको होतं.

पंचवटीतल्या आमच्या खोलीत आम्ही चौघी, चौघींचे चार लॅपटॉप. मला जे काही कळलं ते दुकानातल्या पाटीपेक्षा या खोलीत जास्त कळलं.

कॉम्प्युटरवालीचा पावणेदोन किलोच्या आतला, साधा, १६ जीबी रॅमवाला. ती अँड्रॉइड स्टुडिओ (अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि त्यातला एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, एकदम चालवते, तेव्हा १६ जीबी पुरते. माझ्यात घेतानाच ८ होती. तिचं बघून मीही तो प्रयोग केला, तर माऊसचा बाण हलायलाही विचार करायचा. माझं नशीब एवढंच की आत रॅमचा एक स्लॉट रिकामा होता. २०२४ मध्ये दुसरी ८ जीबी बसवली आणि मशीन सुधारलं. पण आता बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. त्यात सध्या रॅमचे भाव चढलेत. म्हणून घेतानाच १६ घ्या, आणि बजेट तिथपर्यंत जात नसेल तर निदान रिकामा स्लॉट आहे का ते विचारा. "वाढवता येईल ना?" असं मोघम विचारलंत तर "हो हो, येईल की" असंच उत्तर येतं.

कॉमर्सवालीने सगळ्यांत शहाणपणा केला. कंपनीतून निघालेला जुना थिंकपॅड तिने २० हजारांच्या आत घेतला. एक्सेल, टॅली, ऑनलाइन लेक्चर, एवढंच तिचं काम. रीफर्बिश्ड घेताना तिने तीन गोष्टी बघितल्या. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, कारण त्याआधीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजमध्येच बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी दिसतात, दुसरा आकडा पहिल्याच्या अर्ध्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागायचे. तिसरं, बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगला, जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना. आणि पक्कं बिल. बिलाला आढेवेढे घेतले तर तिथून उठायचं.

आर्किटेक्चरवालीने पहिल्या वर्षी लॅपटॉप घेतलाच नाही. ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर घेऊन वर्षभर हातानेच शीटा काढल्या. दुसऱ्या वर्षी घेतला तोही बेताचा, कारण रात्री रेंडर लावायला, म्हणजे डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र तयार करायला, माझा होता. माझ्या ६२ हजारांच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डाचा खरा उपयोग तिलाच झाला. तिचं रेंडर चालू असलं की पंख्याचा आवाज असा यायचा की बाकीच्या तिघी कानात कापूस घालून झोपायच्या.

आता दुकानाबद्दल. पाटीवर 'आय फाइव्ह' किंवा 'रायझन ५' एवढंच वाचून समाधान मानू नका, पूर्ण नंबर विचारा. इंटेलच्या नंबरामागे यू असेल तर कमी वीज खाणारा, एच असेल तर ताकदीचा पण बॅटरी पिणारा. माझा एच. वर्गात जेमतेम दीड तास टिकतो, आणि प्रॅक्टिकलच्या हॉलमध्ये सॉकेट भिंतीकडच्या बाकांनाच. रायझनच्या ७००० मालिकेत तर मोठीच गंमत आहे. ७५२०यू आणि ७५३०यू हे आकडे जुळ्या भावांसारखे दिसतात, पण तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. २ म्हणजे झेन २, बरीच जुनी. ३ म्हणजे त्यापुढची. वरचं नाव नवं, आतला माल जुना. हे विचारल्यावर दुकानातला पोरगा कॅलेंडरकडे बघायला लागला, तेव्हा मला पहिल्यांदा आपण जरा शिकलो असं वाटलं.

स्क्रीन दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली बघून कळत नाही. उचलून दारापाशी उजेडात न्या. २५० निट्सचा (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) पडदा खिडकीजवळ बसून वाचताना आरसा होतो. ३०० किंवा वर असेल तर बरा. दुरून सगळे सारखेच दिसतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होताना तुमच्याच ईमेलने सेटअप करून घ्या. कॉम्प्युटरवालीचा लॅपटॉप दुकानातल्या मुलाने "पाच मिनिटांत करून देतो ताई" म्हणत स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने चालू करून दिला होता. तिला त्यात काही गैर वाटलं नाही, आम्हालाही वाटलं नसतं. सहा महिन्यांनी एक अपडेट झाला आणि सबमिशनच्या आदल्या रात्री निळा पडदा आला. त्यावर मागणी, ४८ आकडी रिकव्हरी की टाका. विंडोज ११ बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करतं आणि ती की ज्याच्या अकाउंटने सेटअप झालं त्याच्या अकाउंटात ठेवतं. म्हणजे तिच्या डिस्कची किल्ली त्या मुलाकडे, आणि त्याने दरम्यान नोकरी सोडलेली. दोन दिवस फोनाफोनी करून तो सापडला, त्याने की वाचून दाखवली, आम्ही चौघींनी मिळून एकेक आकडा टाकला. सोबत मिळणारं एमएस ऑफिससुद्धा असंच अकाउंटाला बांधलेलं असतं. आणि तीन वर्षांचं अँटीव्हायरस गळ्यात मारतील, ते नको म्हणा. विंडोजमधलं डिफेंडर आपल्या कामाला पुरतं.

खोलीत चौघींसाठी भिंतीवर एकच सॉकेट होतं. हे लॅपटॉप घेताना कोणी सांगत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड चांगल्यातला, प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण असलेला घ्या आणि त्यावर फक्त लॅपटॉप, फोन, टेबललॅम्प लावा. साधा बोर्ड ६ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅट. चहाची इलेक्ट्रिक किटली एकटीच १५०० ची. डिसेंबरच्या थंडीत आम्ही हा हिशोब न करता तिघींच्या चार्जरशेजारी किटली लावली. आधी मासळी जळाल्यासारखा वास आला. मग बोर्डाची एक भोकं-जोडी तपकिरी झालेली दिसली आणि पिन ओढली तर प्लास्टिकचा धागा तिच्याबरोबर बाहेर आला. लॅपटॉप वाचले. चहा बंद झाला.

दुसरं, चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावर हात फिरवला की झिणझिण्या यायच्या. आम्हाला वाटलं लॅपटॉप खराब. वायरमनने सॉकेट उघडून दाखवलं, अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. चार्जरमधल्या फिल्टरमधून थोडासा करंट नेहमी गळतो, तो तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवा. वाट नाही मिळाली की तो धातूच्या अंगावर येतो. म्हणून तीन पिनेच्या चार्जरला दोन पिनेचा जोड लावून काम भागवू नका, आणि खोली घेताना घरमालकाला अर्थिंगचं विचारा. ते हसतील, हसू द्या.

बाकी सामान थोडक्यात. वायरवाला माऊस घ्याच, तीनशेत येतो. ऑटोकॅडमध्ये माऊसचं चाक दाबून ड्रॉइंग सरकवतात, टचपॅडवर ते करताना बोटं रडतात. कूलिंग पॅड मी घेतला होता, आता त्यावर वह्या असतात. मागून दोन पुस्तकं ठेवून लॅपटॉप उचलला तरी हवा खेळते. प्रिंटर नको. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह द्यायचाच असेल तर त्यात फक्त त्या दिवशीची पीडीएफ ठेवा. एकदा व्हायरसने माझ्या पेनड्राइव्हमधली सगळी फोल्डर्स गायब होऊन नुसते शॉर्टकट उरले होते. प्रोजेक्टच्या फाइल्स दोन ठिकाणी हव्यात. गुगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट आहे, रिपोर्ट आणि कोडला ती भरपूर झाली.

सॅकमध्ये मात्र कंजूषी नको. रुंद, जाड बंद आणि लॅपटॉपचा कप्पा तळाला न टेकणारा. रेनकव्हर असतंच, पण गोदेला पूर येऊन पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलेलं असतं त्या दिवसांत रेनकव्हर शिवणीतून गळतं. मी लॅपटॉप द्राक्षाच्या पेटीतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेते. घरी ढिगाने असतं, आणि आतापर्यंत एक थेंबही गेलेला नाही.

यंदा धाकट्या भावाची बारावी झाली. नाना पैसे बाजूला काढून बसलेत आणि रोज संध्याकाळी विचारतात, "यादी लागली का रे?" लॅपटॉप अजून घेतलेला नाही. त्याने माझा माऊस मात्र आत्ताच मागून ठेवलाय.